होकायंत्राच्या मापात विद्युतधारा आणि चुंबक: घरी करता येईल असे चुंबकीय क्षेत्राचे मोजमाप

विद्युतधारेमुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे वाक्य दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. चुंबकाला दोन ध्रुव असतात, हेही तो त्याआधी काही वर्षे शिकलेला असतो. मात्र या दोन गोष्टींची सांगड किती पक्की आहे, आणि बाजारात मिळणारी चुंबकाची छोटी चकती किती अँपिअर धारेच्या तोडीची असते, हे आकड्यांत काढण्याची संधी क्वचितच मिळते. या लेखात त्यासाठीची कृती क्रमाने दिली आहे. लागणारे साहित्य साधे आहे, गणित त्रिकोणमितीच्या पुढे जात नाही, आणि काळजीपूर्वक काम केल्यास येणारी उत्तरे पाच ते दहा टक्क्यांच्या आत बरोबर येऊ शकतात.

मोजमापाचे तत्त्व एका ओळीत सांगता येते. चुंबकसूची नेहमी पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने, म्हणजे उत्तर-दक्षिण उभी राहते. तिच्यावर पूर्व-पश्चिम दिशेत दुसरे क्षेत्र लावले, की ती दोन्ही क्षेत्रांच्या मधल्या एका दिशेत स्थिरावते. ती जितक्या अंशांनी वळली त्या कोनाचा टॅन म्हणजे लावलेले क्षेत्र भागिले पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक. तराजूच्या एका पारड्यात माहीत असलेले वजन ठेवून दुसऱ्या पारड्यातील वस्तू तोलावी, तसे येथे पृथ्वीचे क्षेत्र वजनाचे काम करते. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर हा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक, आणि मायक्रोटेस्ला त्याचा दहा लाखावा भाग). पुढील सर्व गणितांत ३८.५ हा आकडा धरला आहे, पण तो आपल्या जागेवर स्वतः काढून घेणे हाच कृतीचा पहिला अर्धा भाग आहे.

साहित्य

होकायंत्र शक्यतो प्रयोगशाळेत वापरतात त्या प्रकारचे, अंशांच्या खुणा असलेले आणि तळाला आरसा असलेले घ्यावे. त्यात आखूड चुंबकसूचीला काटकोनात एक लांब अ‍ॅल्युमिनियमचा काटा जोडलेला असतो, त्यामुळे सूची लहान राहूनही वाचन अर्ध्या अंशापर्यंत घेता येते. ते न मिळाल्यास गिर्यारोहकांचे द्रवाने भरलेले होकायंत्र चालते, फक्त वाचन थोडे ढोबळ येते. की-चेनला लटकणारी खेळण्यातली होकायंत्रे या कामाला निरुपयोगी आहेत, कारण त्यांची सूची टेकूवर अडखळते.

सूचीवर लावायचे क्षेत्र तारेच्या वेटोळ्यातून धारा सोडून मिळवायचे आहे. या वेटोळ्यासाठी १६० मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचा दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचा तुकडा प्लंबिंगच्या दुकानातून कापून आणावा. हा प्रमाणित आकार असल्यामुळे त्रिज्या ८ सेंटिमीटर अशी नेमकी मिळते. बिस्किटांचा गोल डबा वापरण्याचा मोह टाळावा, कारण तो लोखंडी पत्र्याचा असतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी २६ गेजची एनॅमलची तांब्याची तार साधारण दहा मीटर लागेल. त्याखेरीज १० ओहमचे, ५ वॅटचे तीन पांढरे सिमेंट रेझिस्टर, साधा मल्टिमीटर, ५ व्होल्टचा २ अँपिअर देऊ शकणारा मोबाइल चार्जर आणि कापून टाकता येईल अशी एक जुनी यूएसबी केबल लागेल. चार्जर चपट्या, जुन्या पद्धतीच्या खाचेचा असावा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल कापून वापरली, तर चार्जर पलीकडच्या उपकरणाची ओळख पटल्याशिवाय वीज सोडत नाही.

शेवटची वस्तू म्हणजे १० मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची निओडिमियम चुंबकाची एक चकती. ही चकती लहान मुलांच्या हाती कदापि देऊ नये. दोन चकत्या गिळल्या गेल्यास आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून जिवावर बेतू शकते. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने या चुंबकांपासून दूरच राहावे.

जागेची निवड

या कामातील निम्म्याहून अधिक चुका जागेमुळे होतात, म्हणून येथे घाई करू नये. लोखंडी कपाट, पलंग, गॅस सिलिंडर, फ्रिज, स्पीकर यांच्यापासून किमान दोन मीटर अंतर हवे. काँक्रीटच्या स्लॅबमधल्या सळयाही क्षेत्र बिघडवतात, त्यामुळे फ्लॅटमध्ये जमिनीवर बसून मोजण्यापेक्षा लाकडी टेबलावर, भिंतीपासून आणि खांबापासून दूर मोजणे चांगले. मात्र टेबल खिळ्यांनी जोडलेले असेल तर खिळ्यांच्या जागा टाळाव्यात. अंगण किंवा मोकळी गच्ची मिळत असेल तर उत्तमच.

जागेची परीक्षा सोपी आहे. टेबलावर उत्तर-दक्षिण दिशेने एक लांब दोरा ताणून चिकटवावा आणि होकायंत्र दोऱ्यालगत हळूहळू सरकवत न्यावे. तीस-चाळीस सेंटिमीटरच्या टप्प्यात सूचीची दिशा एक-दोन अंशांपेक्षा अधिक बदलत असेल, तर जवळपास कुठेतरी लोखंड आहे आणि टेबल हलवायला हवे. मोजणाऱ्याचे मनगटी घड्याळ, चष्म्याची स्टीलची काडी आणि खिशातला मोबाइल यांचाही येथे विचार करावा लागतो. मोबाइलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

वेटोळे आणि मंडल

पाइपाच्या कड्यावर तारेचे दहा फेरे एकमेकांना लागून, ताणून घालावेत. दोन्ही टोके अर्धा-अर्धा मीटर मोकळी सोडून ती एकमेकांभोवती पीळ देऊन बाहेर आणावीत. हा पीळ केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. जाणारी आणि येणारी धारा शेजारी-शेजारी उलट दिशांनी वाहिली, की त्यांची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पूर्ण रद्द करतात आणि सूचीवर फक्त वेटोळ्याचाच परिणाम उरतो. टोकांवरचे एनॅमल पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून काढावे. तार तांब्याच्या रंगाचीच दिसत असली तरी तिच्यावर पारदर्शक लेप असतो, आणि «जोडणी बरोबर आहे पण धारा वाहत नाही» या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हाच लेप असतो.

कडे जाड पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या बैठकीत खाच पाडून उभे करावे. होकायंत्राची सूची कड्याच्या नेमक्या मध्यावर येईल एवढ्या उंचीचा थर्मोकोलचा ठोकळा आत ठेवावा. सूची मध्यावर हवी, कारण वेटोळ्याचे क्षेत्र तेथेच एकसारखे असते. सूची दोन सेंटिमीटर लांब असेल तर तिच्या टोकांशी क्षेत्र मध्यापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच वेगळे असते, जे आपल्या कामात खपून जाते. पाच सेंटिमीटर लांबीची सूची घेतली तर मात्र ही सवलत मिळत नाही.

आता यूएसबी केबलचे एक टोक कापून त्यातली लाल आणि काळी तार वेगळी करावी. बाकीच्या तारा एकेक करून चिकटपट्टीने बंद कराव्यात. चार्जर, रेझिस्टर, १० अँपिअरच्या खाचेत जोडलेला मल्टिमीटर आणि वेटोळे ही सर्व एकामागोमाग एक, म्हणजे एकसर जोडणीत जोडावीत. तार सुमारे सहा मीटर लागली असेल, तर वेटोळ्याचा स्वतःचा रोध जेमतेम ०.६ ओहम भरतो. त्यामुळे रेझिस्टरशिवाय वेटोळे चार्जरला थेट जोडू नये. घरातील २३० व्होल्टच्या सॉकेटशी तर या वेटोळ्याचा कोणत्याही प्रकारे संबंध येता कामा नये. रेझिस्टर काही सेकंदांतच तापतात, म्हणून वाचनापुरतीच धारा सुरू ठेवावी. चार्जर आणि मल्टिमीटर होकायंत्रापासून मीटरभर दूर असावेत. चार्जरऐवजी घट वापरणाऱ्यांनीही हे अंतर पाळावे, कारण बहुतेक घटांचे बाह्य आवरण पोलादी असते.

आधी दिशा, मग आकडे

मोजमापापूर्वी एक जुना प्रयोग करून घ्यावा. डेन्मार्कमधील हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८२० साली असे दाखवले, की धारा वाहणारी तार सूचीवर उत्तर-दक्षिण धरली तर सूची वळते. वेटोळ्याची एक मोकळी तार सरळ करून ती सूचीच्या वर दोन सेंटिमीटरवर, सूचीला समांतर धरावी आणि अर्धा अँपिअर धारा सोडावी. धारा दक्षिणेकडून उत्तरेकडे जात असेल तर सूचीचे उत्तर टोक पश्चिमेकडे वळेल. तीच तार सूचीच्या खाली धरली तर ते पूर्वेकडे वळेल. उजव्या हाताचा अंगठा धारेच्या दिशेने ठेवून बोटे तारेभोवती वळवली, की क्षेत्राची दिशा बोटांच्या दिशेने मिळते, हा नियम येथे पडताळून पाहता येतो.

वळण किती यायला हवे, तेही आधी काढून ठेवावे. लांब सरळ तारेसाठी सूत्र असे आहे:

क्षेत्र (मायक्रोटेस्ला) = २० × धारा (अँपिअर) ÷ अंतर (सेंटिमीटर)

अर्धा अँपिअर आणि दोन सेंटिमीटर घातले तर ५ मायक्रोटेस्ला येतात. पृथ्वीच्या ३८.५ पुढे हे क्षेत्र लहान आहे, म्हणून सूची फक्त सात-साडेसात अंश वळते. एकाच तारेचा परिणाम इतका तोकडा पडतो म्हणूनच फेरे घालायचे असतात.

मुख्य मोजमाप

धारा बंद ठेवून वेटोळे असे फिरवावे, की त्याचे प्रतल सूचीच्या दिशेत, म्हणजे उत्तर-दक्षिण येईल. अ‍ॅल्युमिनियमचा काटा सूचीला काटकोनात असलेल्या होकायंत्रात काटा वेटोळ्याच्या प्रतलाला लंब दिसेल, याचा गोंधळ होऊ देऊ नये. मग होकायंत्राची डबी फिरवून काट्याची दोन्ही टोके शून्यावर आणावीत. डबीच्या काचेवर नखाने हलकी टिचकी मारून सूची टेकूवर अडकलेली नाही याची खात्री करावी. ही टिचकी प्रत्येक वाचनापूर्वी मारायची आहे.

वेटोळ्याच्या मध्यावरील क्षेत्राचे सूत्र असे:

क्षेत्र (मायक्रोटेस्ला) = ६२.८ × फेरे × धारा (अँपिअर) ÷ त्रिज्या (सेंटिमीटर)

दहा फेरे आणि आठ सेंटिमीटर त्रिज्येसाठी याचा अर्थ दर अँपिअरला ७८.५ मायक्रोटेस्ला. तीन रेझिस्टर वेगवेगळ्या प्रकारे जोडून चार निरनिराळ्या धारा मिळतात. ५ व्होल्ट नेमके मिळत असतील तर अपेक्षित वाचने पुढीलप्रमाणे असतील:

तिन्ही रेझिस्टर एकसर: ०.१६ अँपिअर, सूचीचे वळण सुमारे १८ अंश
दोन एकसर: ०.२४ अँपिअर, सुमारे २६ अंश
एकच रेझिस्टर: ०.४७ अँपिअर, सुमारे ४४ अंश
दोन समांतर: ०.८९ अँपिअर, सुमारे ६१ अंश

केबलच्या बारीक तारांमुळे आणि मल्टिमीटरच्या रोधामुळे प्रत्यक्ष धारा यापेक्षा थोडी कमी येईल. त्याने काही बिघडत नाही, कारण गणितात मल्टिमीटरने दाखवलेलीच धारा घ्यायची आहे.

प्रत्येक धारेसाठी चार वाचने घ्यावीत. काट्याच्या दोन्ही टोकांची दोन, आणि वेटोळ्याची टोके अदलाबदल करून धारा उलटवल्यावर पुन्हा दोन. काटा डबीच्या नेमक्या मध्यावर नसल्यास होणारी चूक दोन टोकांच्या सरासरीत निघून जाते, आणि वेटोळे उत्तर-दक्षिण दिशेपासून किंचित तिरपे राहिले असल्यास ती चूक धारा उलटवल्याने बऱ्याच अंशी निघते. दोन दिशांची वाचने एकमेकांपासून तीन-चार अंशांहून अधिक वेगळी येत असतील, तर सरासरी काढून समाधान मानू नये, वेटोळे पुन्हा जुळवावे. वाचताना काट्याचे आरशातले प्रतिबिंब काट्याखाली पूर्ण झाकले जाईल अशा जागी डोळा ठेवावा.

वाचन शक्यतो तीस ते साठ अंशांच्या दरम्यान घ्यावे, अशी सूचना पाठ्यपुस्तकांत असते. तिचे कारण हे, की पंचेचाळीस अंशांजवळ अर्ध्या अंशाच्या चुकीने टॅन फक्त पावणेदोन टक्क्यांनी बदलतो, तर ऐंशी अंशांजवळ तीच चूक पाच टक्क्यांवर जाते. अगदी लहान कोनांतही हेच होते.

आता आलेखकागदावर आडव्या अक्षावर धारा आणि उभ्या अक्षावर कोनाचा टॅन मांडावा. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, हे पाहून घ्यावे. सर्व बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या एका सरळ रेषेवर यायला हवेत. ही सरळ रेषा म्हणजेच क्षेत्र धारेच्या सम प्रमाणात असते या विधानाचा पुरावा. रेषेचा चढ दर अँपिअरला किती आहे ते पाहून ७८.५ ला त्या संख्येने भागले, की आपल्या टेबलावरील पृथ्वीचा क्षितिजसमांतर घटक मायक्रोटेस्लामध्ये मिळतो. चढ २.०४ आला तर उत्तर ३८.५ येते. परदेशातील मराठी वाचकांना वेगळा चढ मिळेल: लंडनच्या परिसरात चुंबकीय बलरेषा जमिनीत खूप तिरप्या शिरत असल्यामुळे क्षितिजसमांतर घटक साधारण २० मायक्रोटेस्लाच उरतो, आणि आपल्याकडे ४४ अंश वळवणारी धारा तेथे सूचीला साठ अंशांपलीकडे नेते.

रेषा सरळ आहे, पण उत्तर ३८ च्या जवळ नाही, असे झाल्यास उपकरणाला दोष देण्यापूर्वी खोलीला द्यावा. सळयांच्या इमारतीत हा घटक तीसवर किंवा पंचेचाळीसवर जाऊ शकतो, आणि त्या जागेपुरते ते उत्तर खरेच असते. रेषाच वाकडी येत असेल तर मात्र सूची अडखळत आहे, किंवा धारेबरोबर जागा बदलणारी एखादी चुंबकीय वस्तू जवळ आहे, असे समजावे.

कुलाबा, अलिबाग आणि ट्राम

याच घटकाचे मोजमाप मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून होत आले आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. सप्टेंबर १८५९ मधील प्रसिद्ध सौरवादळात तेथील क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे आणि त्या वादळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही ती वापरतात. १६०० नॅनोटेस्ला म्हणजे १.६ मायक्रोटेस्ला. आपल्या वेटोळ्यावर पंचेचाळीस अंशांचे वाचन अशा वादळात जेमतेम एका अंशाने सरकले असते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा वेधशाळेसमोर पेच उभा राहिला. ट्रामची धारा वरच्या तारेतून जाते आणि रुळांतून व जमिनीतून परत येते. आपल्या तारेच्या पिळासारखी जाणारी-येणारी धारा शेजारी-शेजारी नसल्यामुळे क्षेत्र रद्द होत नाही. वर दिलेल्या सरळ तारेच्या सूत्रात उदाहरणादाखल १०० अँपिअर आणि ५०० मीटर अंतर घातले तर ०.०४ मायक्रोटेस्ला, म्हणजे ४० नॅनोटेस्ला येतात. आपल्या सूचीला ते कळणारही नाहीत, पण जेथे नॅनोटेस्लाच्या पातळीवर काम चालते तेथे एवढ्याने नोंदवही निकामी होते. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला उभारली गेली. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले होते. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागचे काम आज नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

तेच होकायंत्र, आता चुंबकाची चकती

वेटोळे बाजूला नेऊन ठेवावे आणि होकायंत्र त्याच जागी राहू द्यावे, कारण पृथ्वीच्या क्षेत्राचे माप त्या जागेचे काढलेले आहे. सूचीच्या मध्यातून पूर्व-पश्चिम जाणारी रेषा टेबलावर आखून तिच्यावर लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी चिकटवावी. चकती खोडरबराच्या खाचेत उभी बसवावी, म्हणजे तिचे सपाट तोंड होकायंत्राकडे राहील, आणि तिचा मध्य सूचीच्या उंचीवर आणावा. अंतर चकतीच्या मध्यापासून सूचीच्या मध्यापर्यंत मोजायचे.

सुरुवात वीस सेंटिमीटरपासून करावी आणि १५, १२, १० असे जवळ यावे. याहून जवळ जाऊ नये, कारण फार जवळच्या तीव्र क्षेत्राने होकायंत्राची सूची स्वतःच उलटी चुंबकित होऊ शकते. प्रत्येक अंतरावर चकती आधी पूर्वेला आणि मग पश्चिमेला, प्रत्येक बाजूला तिची दोन्ही तोंडे आलटून-पालटून, अशी चार वेळा ठेवावी आणि दर वेळी काट्याची दोन्ही टोके वाचावीत. हे कंटाळवाणे वाटेल, पण अंतर मोजण्यातली दोन मिलिमीटरची चूक येथे फार महाग पडते, आणि दोन्ही बाजूंच्या सरासरीत तिचा बराचसा भाग निघून जातो.

चांगल्या प्रतीच्या, सांगितलेल्या आकाराच्या चकतीसाठी गणिताने येणारी वळणे अशी आहेत: वीस सेंटिमीटरवर ८ अंश, पंधरावर १९, बारावर ३४ आणि दहावर साधारण ४९ ते ५० अंश. अंतर निम्मे झाले तर क्षेत्र दुप्पट किंवा चौपट होत नाही, आठपट होते. म्हणून प्रत्येक अंतरासाठी कोनाचा टॅन गुणिले अंतराचा घन हा गुणाकार काढावा. सेंटिमीटरमध्ये तो सर्व अंतरांना ११७० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ स्थिर यायला हवा. सरळ तारेचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, तर दोन ध्रुव जवळ-जवळ असलेल्या वस्तूचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. या फरकामुळेच चकती हातात घेतल्यावर राक्षसी वाटते आणि हातभर अंतरावर तिचा मागमूसही राहत नाही.

या गुणाकारावरून चकतीचे चुंबकीय परिबल काढता येते. परिबल म्हणजे ती चुंबक म्हणून किती बलवान आहे याचे माप:

परिबल (अँपिअर-चौरस मीटर) = ०.०००००५ × टॅन × अंतराचा घन (घन सेंटिमीटर) × पृथ्वीचा घटक (मायक्रोटेस्ला)

११७० आणि ३८.५ घालून उत्तर ०.२२५ येते. परिबलाच्या एककातच सगळी गंमत आहे: धारा गुणिले क्षेत्रफळ. वेटोळ्याचे परिबल फेरे, धारा आणि एका फेऱ्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतके असते. आपल्या वेटोळ्याचे क्षेत्रफळ ०.०२ चौरस मीटर आहे. दहा फेऱ्यांतून ०.४७ अँपिअर वाहताना त्याचे परिबल ०.०९५ भरते. म्हणजे बोटाच्या पेरावर मावणारी चकती, वीतभर रुंदीच्या त्या चालू वेटोळ्याच्या सुमारे अडीचपट बलवान आहे, आणि तिला चार्जर लागत नाही.

आता उलट प्रश्न विचारावा. चकतीच्या कडेभोवती तारेचा एकच फेरा घातला, तर त्यातून किती धारा सोडल्यावर चकतीइतके परिबल मिळेल? चकतीचे क्षेत्रफळ ०.००००७८५ चौरस मीटर. ०.२२५ ला त्याने भागले की सुमारे २,९०० अँपिअर येतात. आपला चार्जर दोन अँपिअरवर थांबतो.

ही धारा चकतीत खरोखर कडेने वाहते का? आन्द्रे-मारी अँपिअर यांनी ओर्स्टेड यांच्या प्रयोगानंतर लवकरच असे मांडले होते, की चुंबकाच्या आत असंख्य सूक्ष्म धारावर्तुळे असली पाहिजेत. आतल्या भागात शेजारच्या वर्तुळांच्या धारा एकमेकींना रद्द करतात आणि फक्त कडेवरची धारा शिल्लक राहते, असे त्या चित्रातून दिसते. आजच्या भौतिकशास्त्रानुसार लोखंड आणि निओडिमियम चुंबकांतील परिबल मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या फिरकीतून (स्पिनमधून) येते, आणि फिरकी म्हणजे गोल फिरणारा प्रभार नव्हे. तरीही तिचे बाहेरून मोजले जाणारे क्षेत्र सूक्ष्म धारावर्तुळाच्या क्षेत्रासारखेच असते, त्यामुळे २,९०० अँपिअर हा आकडा हिशेब म्हणून पूर्णपणे खरा आहे. फिरकीला रोध नसतो. म्हणूनच चकती तापत नाही आणि तिचा घट संपत नाही.

शिवणाची सुई: तात्पुरते आणि कायमचे

उरलेल्या तारेचे शंभर फेरे रिकाम्या बॉलपेनच्या नळीवर एका थरात घातले, की सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचे नालकुंतल तयार होते. तिन्ही रेझिस्टर समांतर जोडून त्यातून अंदाजे सव्वा अँपिअर धारा चार-पाच सेकंदच सोडावी. आतमध्ये एकदा मऊ लोखंडी खिळा आणि एकदा शिवणाची सुई ठेवून, धारा बंद केल्यावर दोन्ही होकायंत्राजवळ नेऊन पाहाव्यात. प्रत्येकाचे एकच टोक होकायंत्राच्या सूचीच्या दोन्ही टोकांजवळ आळीपाळीने न्यावे. खिळा दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच आकर्षून घेईल, म्हणजे त्यातले चुंबकत्व धारेबरोबर गेले. सुई एका टोकाला दूर लोटेल, थोडेसेच का होईना. चुंबकत्वाची खरी खूण प्रतिकर्षण हीच असते, कारण साधे लोखंडही दोन्ही ध्रुवांकडे ओढले जाते. सुईच्या कठीण पोलादात एकाच दिशेने वळलेले चुंबकीय विभाग धारा गेल्यावर मागे फिरू शकत नाहीत. निओडिमियम चुंबकात हीच अडवणूक कितीतरी अधिक असते.

तरीही उष्णतेपुढे ती टिकत नाही. साधी निओडिमियम चकती ८० अंश सेल्सिअसच्या वर नेली तर तिचे काही चुंबकत्व कायमचे जाते, म्हणून ती उकळत्या पाण्यात टाकून पाहू नये. सुईवर मात्र हा प्रयोग करण्यासारखा आहे. ती पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत चांगली लालभडक होऊ द्यावी, कारण लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला नाहीसे होते. थंड होताना सुई पूर्व-पश्चिम धरावी. उत्तर-दक्षिण धरली तर निवताना ती पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडते आणि पुन्हा हलकेसे चुंबकत्व तिच्यात उतरते.

सह्याद्रीच्या काळ्या कातळाचे नेमके हेच झाले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडली, आणि त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट असल्यामुळे दख्खनचे बरेचसे थर आजही उलट्या दिशेने चुंबकित आहेत. म्हणून अंगणात मोजमाप करणार असाल आणि अंगण काळ्या दगडाच्या फरशीचे असेल, तर होकायंत्र फरशीवर न ठेवता लाकडी टेबलावर मीटरभर उंच ठेवावे, आणि दोऱ्यालगत सूची सरकवण्याची ती पहिली परीक्षा तेथेही करून घ्यावी.